ओळखीचा फोटो

माझा स्टुडिओ यवतमाळ जिल्ह्यात, पुसदच्या बाजूला, एका बाजारपेठेच्या गावात आहे. वडिलांनी तो सुरू केला, आता मी चालवतो. आठवड्याचे सहा दिवस मी ओळखपत्रांचे फोटो काढतो. शाळाप्रवेश, बँक, नोकरीचा अर्ज, पासपोर्ट. सातव्या दिवशी दुकान बंद ठेवून जवळच्या बंजारा तांड्यांवर जातो आणि माणसांना जसे हवेत तसे त्यांचे फोटो काढून देतो. सात वर्षं झाली.

आपल्या भाषेत ‘ओळख’ हा शब्द दोन कामं करतो. मी कोण, ही माझी ओळख. आणि तुमची-माझी गाठ पडली, बोलणं झालं, तीही ओळख. पहिली ओळख कागदावर उमटायची असेल तर आधी दुसरी व्हावी लागते, एवढं या सात वर्षांत मी शिकलो. श्रावणातल्या एका रविवारचा हा दिनक्रम त्याच शिकण्याचा आहे.

पहाटे ५:००

उठल्याबरोबर चार्जरवरच्या बॅटऱ्या बघतो. पिशवी रात्रीच भरलेली असते, तरी सकाळी एकदा हात फिरवतोच. एक कॅमेरा, ५० आणि ८५ मिलिमीटरच्या दोन लेन्स, पोस्टकार्डाच्या आकाराचे फोटो छापणारा लहान प्रिंटर, त्याची बॅटरी, कागदाची पाकिटं, थर्माकोलचा एक तक्ता, नोंदवही, आणि फोटोच्या पाठीवर लिहिताना शाई पसरणार नाही असं पेन.

सगळ्यात वर मागच्या खेपेचे लिफाफे ठेवतो. एकवीस आहेत. तांड्यावर पोचल्यावर पहिलं काम हे लिफाफे वाटण्याचं. आधीचं देणं फिटल्याशिवाय कॅमेरा बाहेर काढायचा नाही, हा माझा नियम.

सकाळी ६:३०

भाचा मोटारसायकल चालवतो, मी मागे पिशवी मांडीवर धरून बसतो. दोन्ही बाजूंना सोयाबीन गुडघ्याला आलंय, मधूनमधून तूर आणि कपाशी. रात्री पाऊस पडून गेलेला, डांबरी रस्ता अजून ओला.

या रस्त्याने जाताना मला नेहमी बैलांचे तांडे आठवतात. बंजारा समाजाचा पिढीजात धंदा वाहतुकीचा. हजारो बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून ही माणसं एका मुलखातून दुसऱ्या मुलखात जात. ‘लमाण’ हे नाव लवणावरून, म्हणजे मिठावरून पडलं असं मानतात. इंग्रजी राजवटीत पक्के रस्ते आले, रेल्वे आली, आणि बैलांच्या पाठीवरचा व्यापार बसला. चालता तांडा डोंगराच्या कडेला, गावठाणापासून लांब स्थिरावला. वस्तीला आजही ‘तांडा’च म्हणतात. माणसं थांबली, शब्द मात्र चालत राहिला.

सकाळी ७:१५

पहिल्यांदा नायकाच्या घरी. तांड्याचा प्रमुख तो नायक. त्याला न विचारता इथे काही होत नाही. ओसरीवर नायकाच्या घरच्या बाई म्हणतात, “आवो, बेसो.” सात वर्षांपूर्वी मी पहिल्यांदा आलो तेव्हा मला खुर्ची मिळाली होती. आता सतरंजी मिळते, आणि मला तीच जास्त मोलाची वाटते. बंजारा स्वतःला ‘गोर’ म्हणतात, बाहेरच्याला ‘कोर’. मी कोर आहे, कोरच राहणार. पण ओळखीचा कोर आणि अनोळखी कोर यांत फरक असतो.

ओसरीच्या आतल्या बाजूला लहान टोपल्या ओळीने मांडल्यात. तीजेचे दिवस आहेत. कुमारिका मुली टोपल्यांत गहू पेरतात, नऊ दिवस गाणी म्हणत पाणी घालतात. सावलीतले कोंब पिवळसर, कोवळे, बोटभर वर आलेत. मी नायकाला विचारतो, “टोपल्यांचा फोटो काढू का?” ते म्हणतात, “आज मुलींचे काढा. टोपल्या शेवटच्या दिवशी.” मी मान डोलावतो. काय काढायचं नाही, हे आधी विचारून घेतलं की बाकीचं काम सोपं होतं.

मग लिफाफे वाटतो. एकवीसपैकी एकोणीस हातोहात जातात. एक कुटुंब मुंबईला कामावर गेलंय, त्यांचा लिफाफा शेजारी ठेवून घेतात. एक आजोबा जुलैत गेले. त्यांचा फोटो सून दोन्ही हातांनी घेते, बराच वेळ बघते आणि लिफाफ्यात परत न घालता थेट आत नेऊन देवाजवळ ठेवते.

सकाळी ८:००

जागा ठरलेली आहे. शाळेच्या भिंतीची उत्तरेची बाजू. तिथे दुपारपर्यंत ऊन थेट येत नाही, समोरच्या मोकळ्या आभाळाचा मऊ उजेड चेहऱ्यावर पडतो. एका बाजूला थर्माकोल धरला की डोळ्यांखालची सावली हलकी होते. दिवे लागत नाहीत.

मागे पडद्याला गोधडी. ही गोधडी कशी आली ते सांगायला हवं. पहिल्या वर्षी मी स्टुडिओतला पांढरा पडदा घेऊन आलो होतो. चांगला धुऊन, इस्त्री करून. एक म्हातारी समोर येऊन बसली, तिने आपणहून डोक्यावरची ओढणी मागे सरकवली, दोन्ही कान मोकळे केले, ओठ मिटले, नजर सरळ केली आणि मला विचारलं, “कुठल्या ऑफिसाचा हाय?”

तिचं काही चुकलं नव्हतं. पांढऱ्या कापडासमोर बसणं म्हणजे सरकारला चेहरा दाखवणं, हे तिला दर वेळच्या कागदपत्रांनी शिकवलं होतं. मीच तिला दुकानात कधीतरी म्हटलं असेन, “आजी, ओढणी मागे घ्या, कान दिसले पाहिजेत.” पांढरा पडदा मी तिथेच गुंडाळला. शेजारच्या घरातून एका बाईंनी दोरीवर वाळत घातलेली गोधडी आणून दिली. जुन्या लुगड्यांचे तुकडे, लाल-निळे-काळे, वरून पांढऱ्या दोऱ्याचे टाके. त्या गोधडीसमोर तीच म्हातारी पुन्हा बसली तेव्हा ओढणी आपोआप डोक्यावर आली आणि खांदे खाली आले.

आफ्रिकेतल्या माली देशात, बामाको शहरात, सेदू केता नावाच्या छायाचित्रकाराने १९४८ साली स्टुडिओ उघडला. त्याच्या पहिल्या काही वर्षांच्या फोटोंत मागचा पडदा म्हणजे त्याच्याच पलंगावरची चादर आहे. फोटोला येणाऱ्यांना हवी ती वस्तू, घड्याळ, कोट, रेडिओ, तो हाताशी देई. आज ते फोटो जगभरच्या संग्रहालयांत आहेत, आणि त्यांतली माणसं स्वतःच्या मर्जीने, ताठ बसलेली दिसतात. मागचं कापड कुणाचं आणि कुठलं, यावर माणूस कसा बसतो ते ठरतं. हे मला गोधडीने शिकवलं आणि केताच्या फोटोंनी पटवलं.

सकाळी ९:००

आज पहिल्या याडी आहेत. ‘याडी’ म्हणजे आई, वयाने मोठ्या बाईला मी इथे तशीच हाक मारतो. अंगावर फेटिया, म्हणजे भरतकामाचा घेरदार घागरा, वर आरशांची कांचळी. हातात पांढऱ्या बलिया. पूर्वी त्या हस्तिदंताच्या असत, आता प्लास्टिकच्या. हनुवटीवर आणि कपाळावर गोंदण. कानांजवळ केसांत मात्र घुगरी नाही. घुगरी हे चांदीचं लोंबतं लेणं, सवाशिणीची खूण. याडींचे मालक जाऊन अकरा वर्षं झाली.

त्यांनी मला एक जुनी गोष्ट सांगितली. कुणीतरी शहरातला फोटोवाला आला होता. सुनेची घुगरी घाला, फोटो शोभून दिसेल, असं म्हणाला. त्या उठून घरात गेल्या आणि तो जाईपर्यंत बाहेर आल्या नाहीत. “त्याला चांदी पायजे होती,” याडी म्हणतात.

मी स्टूल पुढे करतो. त्या बसत नाहीत, कनवटीला लावलेली कापडी पिशवी सोडतात. आतून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं एक मतदान ओळखपत्र निघतं. मालकाचं. त्यांचा दुसरा कुठलाच फोटो नाही. लग्नात कॅमेरा नव्हता, नंतर पैसा नव्हता, आणि जो एक फोटो निघाला तो सरकारने काढला. अंगठ्याच्या नखाएवढा काळा-पांढरा चेहरा, अर्ध्यावर शिक्का.

“आमच्या दोघांचा काढ,” याडी सांगतात.

मी गुडघ्यांवर बसतो. कॅमेरा माणसाच्या डोळ्यांच्या रेषेत हवा. वरून काढला की माणूस लहान दिसतो, आणि या समाजाला वरून बघणारे पुष्कळ झाले. याडी ओळखपत्र छातीशी धरतात. मग नको म्हणतात. गालाजवळ नेतात. तेही नको. शेवटी ते मांडीवर ठेवतात, त्यावर तळहात ठेवतात, आणि फक्त चेहरा दिसेल एवढी बोटं उघडतात. झाकल्यासारखं, धरल्यासारखं. मी चार फोटो काढतो. पाचव्याची गरज वाटत नाही.

नोंदवहीत लिहायला मी विचारतो, “नाम काई?” त्या आधी मालकाचं नाव सांगतात, मग स्वतःचं.

सकाळी १०:३०

एक जोडपं येतं. दोघं दर वर्षी ऊसतोडीला जातात. दिवाळीच्या आसपास निघायचं, उन्हाळ्यात परतायचं. तोडीच्या हिशेबात नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ मोजतात. मुकादमाच्या वहीत त्यांची नोंद तशीच असते, उचलही कोयत्यावर मिळते. दोन माणसं आणि एक अवजार, यांचं मिळून एक नाव.

मला वाटलं होतं, कोयता हातात असेल तर फोटो बोलका होईल. मी तसं सुचवलंही. बाई म्हणाल्या, “भाऊ, सहा महिने तोच हातात असतो. फोटोत नको.” बाईंनी साधं जांभळं लुगडं नेसलंय, मालकाचा शर्ट नवा. दोघांच्या मध्ये मुलगी उभी, पाचवीत गेलेली, नवं दप्तर पाठीवर. फोटोत ते दप्तर दिसावं म्हणून बाप तिला थोडं तिरकं उभं करतो, पट्टा सरळ करतो, मग मागे होऊन बघतो. पाहुण्याच्या डोळ्यांना त्या फोटोत ‘बंजारा’ काहीच दिसणार नाही. घरच्यांना त्यात सगळं दिसतं.

दुपारी १२:३०

ऊन डोक्यावर आलं की मी थांबतो. भिंतीची सावलीही आता चटक्याची होते. नायकाच्या घरी जेवण. ज्वारीची भाकरी, झणझणीत वरण, कांदा.

जेवताना एक काका त्यांच्या बहिणीचा विषय काढतात. बहीण पैनगंगेपलीकडे, आदिलाबादच्या बाजूला दिली आहे. इकडे महाराष्ट्रात भाऊ विमुक्त जातीत मोडतो, तिकडे तेलंगणात बहीण अनुसूचित जमातीत. कर्नाटकात सोयरीक झाली असती तर तिथे अनुसूचित जातीत. बोली एक, संत सेवालाल महाराज एक, पोहरादेवीच्या तीर्थाची जत्रा एक, आणि दाखले तीन. काका म्हणतात, “राखीला ती येते तेव्हा मी काही दाखला बघत नाही.”

याच पुसद तालुक्यातल्या गहुलीचे वसंतराव नाईक १९६३ ते १९७५ राज्याचे मुख्यमंत्री होते, हे तांड्यावरचं लहान पोरही सांगतं. बऱ्याच घरांत सेवालाल महाराजांच्या शेजारी त्यांचा फोटो असतो. घरच्या माणसांचे फोटो मात्र भिंतीवर फार थोडे. ती जागा भरायची म्हणून मी येतो.

दुपारी २:००

सर आली. सगळं सामान शाळेच्या व्हरांड्यात. हीच छपाईची वेळ.

प्रिंटर सुरू झाला की पोरं गोळा होतात. कागद एकाच वेळी पूर्ण छापून निघत नाही. आधी बाहेर येतो तो नुसता पिवळा, जणू चेहऱ्यावर हळद लागलीय. आत जातो, परत येतो तेव्हा गुलाबी चढलेला असतो. तिसऱ्या फेरीला निळा रंग बसतो, आणि केस काळे होतात, डोळे उघडतात. चौथ्या फेरीत वरून पारदर्शक थर, म्हणजे ओल्या हाताने धरला तरी फोटो टिकतो. मिनिटाच्या आत-बाहेर हे सगळं होतं. चौथ्या फेरीला पोरं नाव घेऊन ओरडतात. मोठी माणसं लांबून बघत असतात, पण बघत असतात.

पाऊस थांबेपर्यंत तांड्यावरचे गुरुजी माझ्याशी बोलतात. मागे मी त्यांना मोबाइलवर ‘द पीपल ऑफ इंडिया’ची पानं दाखवली होती. जॉन फोर्ब्ज वॉटसन आणि जॉन विल्यम के यांनी संपादित केलेला हा आठ खंडांचा ग्रंथ १८६८ ते १८७५ या काळात लंडनमध्ये निघाला. साडेचारशेहून अधिक फोटो. १८५७ नंतर राज्यकर्त्यांना प्रजेची माहिती हवी होती, म्हणून जाती-जमातींचे नमुने गोळा केले. त्यात सहारनपूरकडचं एक बंजारा जोडपंही आहे. खाली जात, धंदा, गाव. नावं नाहीत.

गुरुजींनी ते पान तेव्हा मोठं करून करून बघितलं होतं. आज ते म्हणतात, “त्या बाईचं नाव काय असेल, हे माझ्या डोक्यातून जात नाही.”

ते खंड छापले जात असतानाच, १८७१ मध्ये, गुन्हेगार जमातींचा कायदा आला. बंजाऱ्यांमधल्या अनेक गटांवरही तो शिक्का बसला. नोंदवहीत नाव, ठाण्यात हजेरी, बोटांचे ठसे. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो शिक्का पुसला गेला. तो दिवस आजही विमुक्त दिन म्हणून पाळतात. म्हणजे या समाजाने कॅमेरा आणि नोंदवही या दोन्ही गोष्टी पहिल्यांदा पाहिल्या त्या पहारेकऱ्याच्या हातात. मीसुद्धा कॅमेरा आणि नोंदवहीच घेऊन येतो. म्हणून ती कशी धरायची, याचा विचार मला रोज करावा लागतो.

दुपारी ४:००

आभाळ धुऊन निघालं, उजेड दिवसातला सगळ्यात सुंदर. आता मुलींचे फोटो.

एक मुलगी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, तीजेसाठी घरी आलीय. पांढरा गणवेश पिशवीत घेऊन आली. आधी गणवेशात बसली. मग आत जाऊन आजीची फेटिया-कांचळी घालून आली. आजीच्या मापाची कांचळी तिला सैल होते, आजी मागून टाचण्या लावते आणि तोंडाने काहीतरी पुटपुटत राहते. दोन्ही वेळा मुलीने एकच गोष्ट बदलली नाही. घड्याळ. नाडी मोजायला लागणारं, सेकंद काट्याचं.

मी विचारलं, “भिंतीवर कुठला लावणार?” ती म्हणाली, “दोन्ही एकाच कागदावर द्या. शेजारी शेजारी.” दोन्ही फोटो एका कागदावर बसवून दिले. आजीने हातात घेऊन डोळ्यांजवळ नेला, आणि तिचं बोट आधी पांढऱ्या गणवेशावर टेकलं.

सायंकाळी ५:४५

आता पाठीवर लिहिण्याचं काम. हा तासभर मी कधी वाचवत नाही. प्रत्येक फोटोच्या मागे नाव, तारीख, तांडा, आणि माणसाला स्वतःविषयी जे लिहावंसं वाटेल ते. राठोड, चव्हाण, पवार, जाधव, आडे, आडनावं तीच तीच येतात, म्हणून पाळण्यातलं नाव आणि घरातलं नाव दोन्ही लिहितो. ज्यांना लिहिता येतं ते स्वतः लिहितात. ऊसतोडीच्या बाईंनी मुलीकडून लिहून घेतलं: “आई. माझ्या पाचवीच्या वर्षी.” 

नोंदवहीत दोन रकाने आहेत. ‘घरात’ आणि ‘बाहेर’. फोटो फक्त घरासाठी, की मी तो कुठे दाखवू शकतो, हे बसणारा ठरवतो. आज एकतीस फोटोंपैकी बावीस ‘घरात’. ते माझ्याकडून कुणालाच दिसणार नाहीत. त्यांत दिवसातला माझ्या मते सर्वांत चांगला फोटो आहे. त्या बोटांखालच्या ओळखपत्राचा. याडी म्हणाल्या, “आमचं आमच्यापाशी.”

रात्री ८:३०

घरी जेवण करून परत स्टुडिओत. सगळ्या फाइल दोन ठिकाणी उतरवतो. फाइलला क्रमांक देत नाही, नाव देतो.

मग याडींनी विश्वासाने हाती दिलेलं ओळखपत्र काचेखाली सपाट ठेवतो, दोन्ही बाजूंनी तिरका उजेड टाकतो म्हणजे प्लास्टिक चमकत नाही, आणि जवळून त्याचा फोटो घेतो. पडद्यावर चेहरा मोठा होत जातो तसा ठिपक्यांत फुटत जातो. एका मर्यादेपलीकडे त्यात माणूस उरत नाही, नुसते ठिपके उरतात. मी शिक्क्याची रेघ हळूहळू काढतो. डोळा, भुवई, पागोट्याची कड. जे दिसत नाही ते माझ्या मनाने काढत नाही. नाकाची एक बाजू शिक्क्याखाली गेली ती गेली. पोस्टकार्डाच्या अर्ध्या आकारापर्यंत चेहरा धरून राहतो. तेवढाच छापतो.

रात्री १०:००

लिफाफा बंद करण्याआधी फोटो उलटा करून त्यावर याडींनी सकाळी पहिल्यांदा उच्चारलेलं नाव लिहितो. उद्या सोमवार. नऊ वाजता पांढरा पडदा टांगेन, आणि समोर बसणाऱ्याला आधी नाव विचारेन, मग कान दाखवायला सांगेन.

वाचणाऱ्यांना एक विनंती आहे. तुमच्या घरी पेटीत, कपाटात जुने फोटो असतील. त्यांतली काही माणसं आता फक्त एखाद्या आत्याला नाहीतर आजोबांनाच ओळखू येत असतील. ते फोटो घेऊन त्यांच्याशेजारी बसा, विचारा, आणि मागे नावं लिहून ठेवा. सांगणारं माणूस आहे तोवरच हे काम होतं.